चाळीस बेरिंगं आणि एक किल्ली

सरकून बसा मंडळी, सरकून बसा! पेटीवाले, जरा दम घ्या. आज एका दुकानाची गोष्ट सांगतो. पण आधी मला सांगा – माल पुरा भरतोय, हिशेब भरत नाही, तर चोर कोण? ... हां! लगेच शेजाऱ्याकडं बघू नका!

शिदगोंडा आण्णांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. तिथं म्हादबा सुतार बावीस वर्षं सामान सांभाळायचा. कोठीची किल्ली त्याच्या करगोट्याला! आण्णा म्हणायचे, "बायकोवर नाही एवढा इस्वास ह्याच्यावर!" – बायका हसायल्यात बघा!

एका साली म्हादबानं बेरिंगं आणली. आधी दहा, शंभराच्या भावानं. मग भाव चढला, तर तीस आणली एकशेसाठानं. सगळी एकाच खणात! आता नग सरासरी पडला केवढ्याला? आण्णा म्हणाले, सोपं आहे! शंभर अन् एकशेसाठ मिळवा, निम्मं करा – एकशेतीस. चाळीस नगांचे झाले बावन्नशे. पण पावत्या अठ्ठावन्नशेच्या!

सहाशे रुपये गेले कुठं?

झालं! किडा शिरला डोक्यात. म्हादबाच्या पायात नवी चप्पल – "ही कुठनं आली रं?" "लेकीनं धाडली, मालक." लेकीनं! वा! डब्यात शेंगदाण्याची पोळी – रोज मिरची-भाकरी खाणारा माणूस, आज पोळी? म्हादबा नुसता खोकला तरी आण्णांना वाटायचं, काहीतरी लपवतोय! मंडळी, संशयाला डोळे हजार, पण एकातही बुबुळ नाही!

शनिवारी आण्णांनी हात पुढं केला. "किल्ली ठेव. सोमवारपास्नं येऊ नको."

"मालक, नग मोजा की! चाळीस भरत्यात!"

"नग भरत्यात, पैसा भरत नाही!"

म्हादबानं गाठ सोडली. बावीस वर्षांची गाठ हो – नखानं उकलावी लागली.

दुकानामागंच घर. काशव्वा, म्हणजे आण्णांची बायको, दाराआडनं सगळं ऐकत होती. सकाळी आण्णा न्हाणीत बसले. "पाणी कोमट केलंस न्हवं?"

"केलं की!"

आण्णांनी हात बुडवला – "आई आई गं! भाजलो!"

"असं कसं? एक तांब्या गार, तीन तांबे कढत घातलंय. तुमीच म्हणता न्हवं, दोन्ही मिळवायचं अन् निम्मं करायचं? मग कोमटच हाय ते! घ्या अंगावर!"

आण्णा तसेच पंच्यावर उठले, पाटी घेतली. दहा, शंभरानं – हजार. तीस, एकशेसाठानं – अठ्ठेचाळीसशे. मिळून अठ्ठावन्नशे! नग पडला एकशेपंचेचाळीसला. सहाशे रुपये कधी गेलेच नव्हते हो!

धावले म्हादबाच्या दारात. "घे बाबा किल्ली. चुकलं माझं."

म्हादबा म्हणाला, "घेतो मालक. पण हितनं पुढं रोज सांजच्याला कोठी तुमी मोजून घ्यायची. मला आता भ्या वाटतंय."

ऐकलंत? पाटीवरचं पुसलं, पण म्हादबाच्या मनातलं?

अन् आपण काय निराळे आहोत? बावीस वर्षं एकीकडं, संशयाचा एक दिवस दुसरीकडं – अन् आपण म्हणतो, निम्मं-निम्मं! मंडळी, मला दक्षिणा नको, नारळ नको. तुमच्या कनवटीला अशी कुणाची किल्ली अडकली असंल, तर आज घरी जाताना त्याच्या दारात थांबा. अन् ती त्याच्या हातात द्या – न मोजता!