आईचा नंबर

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांची लेक तपासून घेऊन बाहेर आली.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"काही झालेलं नाही, आई. पांढरं जाणं नॉर्मलच असतं. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत जास्त, अंड्यातल्या पांढऱ्यासारखं."

"मग हाडं झिजतात ते?"

"हाडांचा काडीचाही संबंध नाही, म्हणाल्या."

"अगंबाई! आणि मी तुला महिनाभर दूध पाजतेय. मग घाबरायचं कधी?"

"खाज आली, घाण वास आला, दह्यासारखं दिसलं, हिरवट झालं, तर यायचं."

"आणि गुलाबी?"

"पाळीच्या आगेमागे चालतं."

"पाळी जाऊन चार वर्षं झाली असतील तर?"

"कुणाची?"

"आपलं सहज विचारलं गं."

"आई, कधीपासून?"

"तुझी परीक्षा चालू होती ना, तेव्हापासून. थोडंसंच असतं."

"आणि तू मला घेऊन आलीस?"

"तुझी काळजी वाटली."

"ऊठ. पाळी गेल्यावर थोडंसंही दिसलं तर लगेच दाखवायचं असतं. सिस्टर, माझ्या आईलाही आजच दाखवायचंय."

"अगं, पण आत मी काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलंस तेच. लाज वाटली तर मी सांगेन. चल, मीपण येते आत."