हसतमुखानं

दीर : वहिनी, गाडी केव्हाची खाली उभी आहे.

वहिनी : उभी राहू दे. ते भाषण वाचा आधी. नव्या जहाजाला ह्यांचं नाव देणार, तर ह्यांच्याबद्दल काय बोलणार ते मला आधी ऐकू दे.

दीर : "या वीर कप्तानांना लहानपणापासूनच समुद्राचं वेड होतं..."

वहिनी : हे तुम्ही सांगितलंत त्या भाषण लिहिणाऱ्यांना?

दीर : त्यांनी विचारलं, नौदलात का गेले. मग काय सांगू? घरात खायची मारामार होती, धाकट्या भावाचं शिक्षण अडलं होतं, म्हणून दादा भरती झाला, असं?

वहिनी : खरं तर तेच आहे, भाऊजी. पोहतासुद्धा येत नव्हतं त्यांना. सुरुवातीला नुसते ओकायचे. पुढे कप्तान झाले, तरी सुट्टीत आम्ही किनाऱ्यावर गेलो की समुद्राकडे पाठ करून बसायचे. म्हणायचे, रजेवर असताना ऑफिसकडे कोण बघत बसतं?

दीर : दादा तसाच होता.

वहिनी : पुढे.

दीर : "युद्ध सुरू होताच त्यांनी स्वतःहून आघाडीवर जाण्याची परवानगी मागितली."

वहिनी : परवानगी मागितली होती ती जहाज दुरुस्तीला न्यायची. शत्रूची पाणबुडी हुडकायचं यंत्रच बंद पडलं होतं. मोठ्या साहेबांच्या दारात ताटकळत बसले होते. साहेब म्हणाले, भीती वाटत असेल तर सांगा, दुसरा कप्तान देतो.

दीर : आज भाषण तेच करणार आहेत.

वहिनी : ठाऊक आहे. म्हणून तर वाचून घेतेय.

दीर : दादानं नाही म्हणायचं होतं ना सरळ.

वहिनी : मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, मी नाही म्हटलं म्हणून जहाज थोडंच थांबणार आहे? माझी पोरं भलत्याबरोबर जातील, ज्याला ह्या जहाजाची दुखणी माहीत नाहीत.

दीर : एकच ओळ राहिलीय. राहू दे ती.

वहिनी : वाचा.

दीर : "जहाज बुडताना त्यांनी होडीत बसायला नकार दिला आणि हसतमुखानं जलसमाधी स्वीकारली."

वहिनी : होडीत बसले होते ते.

दीर : कोण म्हणतं?

वहिनी : जहाजावरचा आचारी. तुम्ही बाहेरगावी होतात तेव्हा येऊन गेला. होडीत ह्यांच्या शेजारीच होता. इंजिनखोलीतून ठोकल्याचा आवाज यायला लागला. दार अडकलं होतं आतल्या पोरांचं. हे उठले, परत वर चढले. दोघांना बाहेर काढलं. तिसऱ्यासाठी खाली उतरले, आणि जहाज कलंडलं.

दीर : मला का नाही बोललात?

वहिनी : तुम्ही परत आल्यावर पेपरातली कात्रणं कापत होतात. किती जपून कापत होतात. कसं बोलणार?

दीर : ती कात्रणं अजून आहेत माझ्याकडे.

वहिनी : आणि हसत वगैरे काही नव्हते. शिव्या देत होते. साहेबांचं नाव घेऊन. सांगताना आचारी बिचारा लाजत होता. म्हटलं, लाजू नकोस, सगळ्या सांग.

दीर : सांगितल्या?

वहिनी : एकूण एक. मला तर नवलच वाटलं. संसारात कधी "गाढवा"च्या पुढे गेले नाहीत.

दीर : मी गाडी परत पाठवतो. तब्येत बरी नाही म्हणून सांगतो.

वहिनी : माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? येतेय मी.

दीर : वहिनी, तिथं तुम्हाला दोन शब्द बोलायला लावतील.

वहिनी : मी बोलणार नाही. त्या तिसऱ्या पोराची आई येणार आहे, तिच्यासमोर मला कसलाही तमाशा नको. मी नुसती पहिल्या रांगेत बसेन. ती शेवटची ओळ साहेबांनी माझ्याकडे बघून वाचावी.

दीर : आणि वाचली तर?

वहिनी : वाचतीलच. आवाज चांगला आहे त्यांचा.