बशीतली धडधड

मिठागरं बुजवून उभ्या राहिलेल्या दवाखान्यात, रक्ततपासणीच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी होत्या.

“आये, कॅन्सरच्या औषधानं हृदयाला इजा झाली तर त्याचं प्रथिन रक्तात उतरतं. तरी दोनदा तपासणी चुकवलीस!”

“तू कुटं व्हतीस? गौरीच्या सनाला पन लॅबमदी पळालीस.”

“तिथं मूलपेशींपासून वाढवलेल्या हृदयपेशी आहेत. बशीत धडधडतात. रोज खाऊ घालावं लागतं.”

“त्यांना भरव. आयशीला इचारू नको!”

“त्यांच्यावर तुझं हेच औषध टाकलं की त्रास लगेच दिसतो. तुझ्यासारखं ‘बरी हाय’ म्हणत नाहीत त्या!”

“बरी नाय म्हनले असते, तर थांबली असतीस?”

लेकीचा फोन वाजला.

“सरस्वती म्हात्रे!” आतून हाक आली.

“आले! रंजिता, तो फोन बंद कर आनि चल माझ्यासंगं.”