सुनेनं दार का उघडलं

निपाणी स्टँडवर बेळगावची गाडी लागायची होती. मागच्या बाकावर कॉलेजातली एक पोरगी आणि तिची आत्ती एकाच मोबाईलवर जपानी ॲनिमे बघत होत्या. शेवटचा भाग संपला तशी पोरगी ओरडलीच.

"आत्ती, सुनेनंच किल्ल्याचं दार उघडलं! सगळं घराणं मेलं की!"

"नीलम, हळू. माणसं बघायल्यात."

"लेखकाचं डोकं फिरलंय. कायतरी कारण पायजे का नको? नवरा चांगला, सासू चांगली."

"कारण दिलंय की गं. लग्नात तिचं नाव बदललं न्हाय व्हय?"

"त्ये पयल्या भागात. त्याचं काय आता?"

"दुश्मनानं भाईरनं कुठल्या नावानं हाक मारली?"

"जुन्या. पर नावासाठी कोण घराणं मारतंय?"

"मारायला न्हाय गेली ती. हाक आली, म्हणून दाराकडं गेली."

"तुला काय ठावं?"

"माझं बी बदललं की, तांदळात लिवून."

"काय? सुनंदा तुझं नाव न्हवं?"

"त्ये सासरचं."

"मग पयलं? पप्पा तर नुसतं आक्काच म्हणत्यात तुला!"

"पयलं वाया कशाला घालवू? बारशाला आत्तीचाच मान असतोय. तुझ्या पाळण्यात वाकले आणि तुझ्या कानात सांगितलं."

गाडी लागली. आत्ती पिशवी उचलून पुढं गेली. पोरगी बाकावरच.

"नीलम?" पोरगीनं मागनं हाक मारली.

गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवलेल्या आत्तीनं वळून ओ दिली.