पणजोबा सापडत नाही

फुशारकी मारायचीच, तर निदान रडणाऱ्या बाईसमोर मारू नये यार! इकडे परदेशात, श्रूजबरीला, आमची शेजारीण मॉरीन सहा वर्षं आयर्लंडच्या रेकॉर्ड्समध्ये पणजोबा शोधतेय. काल तिला ईमेल आला, त्यांच्या गावच्या चर्चची रजिस्टरं केव्हाच जळाली. ती हुंदके देतेय आणि मी शहाणा सांगतोय, “आमच्या अकरा पिढ्या नाशिकला तीर्थावरच्या गुरुजींच्या वंशावळीच्या वहीत आहेत. जो जातो तो घरच्यांची नावं घालून येतो.”

तिनं डोळे पुसत विचारलं, “मग तुझ्या मुलीचं नाव आहे?”

“नाही. माझंही नाही. बाबांनी सही केली तेव्हा माझा जन्मच झाला नव्हता, त्यानंतर पान कोरं. इकडे आल्यापासून मी नाशिकला गेलोच नाही. आता कसला जातोय!”

ती म्हणाली, “अरेरे! म्हणजे तुझ्या पणतवंडांना न सापडणारा पणजोबा तूच.”