धाकटीचा नंबर

...आणि मी म्हणते, लस झाली ती झाली, पण फोटो कशाला पाठवायचे? एक फोटो दंड पुढे करून, एक कापसाचा बोळा दाबून धरलेला, एक बाहेर येऊन दोन बोटं वर केलेला, जसं काही हिने एकटीने त्या रोगाला लोळवलंय! तेही गेलं, तेही सोसलं मी. पण दोन आठवड्यांनी शेवटचा फोटो आला ना, तो मात्र माझ्या काळजातून आरपार गेला... आमची ताई आईच्या पलंगावर मांडी घालून बसलीय आणि आईच्या केसांना तेल लावतेय! आणि खाली काय लिहिलंय? ‘तुला आईची आठवण येत असेल ना? मी सांगते हं तिला.’ सांगते हं तिला! म्हणजे माझ्या आईला माझी आठवण आता हिच्या हाती पोचणार, पोस्टाच्या पाकिटासारखी!

तुम्हाला सांगते, मी देवाधर्माची बाई. मत्सर वाईट, हे मला पाठ आहे, सहा शत्रूंतला तो सहावा, हेही पाठ आहे. पण तो फोटो बघितला आणि सहाच्या सहा जण माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले आणि वर चहा मागायला लागले!

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई बहिणीवर जळते. जळतेच, पण कारण ऐका. आई असते दादाकडे, दुसऱ्या मजल्यावर. मागच्या थंडीत तिच्या छातीत असं काही भरलं की डॉक्टरांनी हात टेकले होते. उठली त्यातून, देवाची कृपा. पण डॉक्टर म्हणाले, आता हिच्या खोलीत लस घेतलेल्याशिवाय माणूस जाता कामा नये, आणि तोही घेतल्यावर दोन आठवडे थांबून. बरं, फोनवर बोलावं तर तिला ऐकू कमी येतं. मी म्हणते, ‘जेवलीस का?’ ती म्हणते, ‘हो, तेरावं लागलं तिला.’ कोणाला तेरावं, कशाचं तेरावं... दिसावं तर मोतीबिंदू, त्याचं ऑपरेशन या साथीमुळे पुढे गेलेलं. म्हणजे आईला मी पोचणार कशी? हात हातात घेऊनच. आणि हात हातात घ्यायला हवी लस.

आता लस कोणाला? आधी म्हातारे. बरोबर आहे. मग पंचेचाळीसच्या वरचे. ताई पन्नाशीची, झाली. दादाची झाली. वहिनी शाळेत शिकवते, तिची सगळ्यात आधी झाली. आमच्या ह्यांना शेहेचाळीसावं, हे तर रांगेतून असे परत आले जसे लग्नातून जेवून आले! राहिलं कोण? मी! बेचाळीस! तीन भावंडांतलं शेंडेफळ! आयुष्यभर मिरवलं हो मी ते. शेवटची पुरी धाकटीला, आईच्या कुशीतली जागा धाकटीला, मार ताईला. आणि आता? उशिरा जन्माला आले ना, चुकलंच माझं!

हे काय म्हणतात सांगू? पेपर खाली न करता म्हणतात, ‘अगं, सरकार तरुण म्हणतंय तुला. खूश हो की!’ लग्नाला बावीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत तरुण म्हणायला कोणाची जीभ वळली नाही, आणि म्हटलं कधी, तर तोंडावर दार लावून घ्यायला!

लहानपणी ताईचे फ्रॉक मला यायचे. तिला आखूड झाले की माझे. दप्तर तिचं, मग माझं. चपला तिच्या, मग माझ्या. तेव्हा मी रडायचे, की सगळं जुनंच का? आता म्हणते, अहो, जुनी झालेली लससुद्धा चालेल मला, पण ही एकच वस्तू आहे जी ताईच्या अंगावरून उतरून माझ्या अंगावर येत नाही!

मग मी काय करत होते? रोज संध्याकाळी आईच्या खिडकीखाली जाऊन उभी राहत होते. समोर शिंप्याचं दुकान आहे, त्याच्या पायरीशी. नाकातोंडाला मास्क बांधून हात हलवायचा. वर खिडकीत आई बसलेली दिसायची, पांढरं डोकं, आणि ती पण हात हलवायची. पहिल्या दिवशी शिंपी म्हणाला, ‘माप द्यायचंय का, बाई?’ म्हटलं, ‘नाही हो, आईला बघतेय.’ मग बिचारा रोज स्टूल बाहेर काढून ठेवायचा. मी हात जोडायचे, तीही जोडायची. अंधार पडला की परत. आणि वर तिच्या शेजारी कोण दिसायचं? ताई! मागे उभी राहून केस विंचरताना! वरून मला खूण करते, ‘वर येतेस?’ येतेस म्हणे! जशी काही मी जिन्याचाच कंटाळा करतेय!

एकदा मात्र ताईच्याच तोंडून निघालं. फोनवर म्हणाली, ‘तुला काय कमी आहे गं? मी तेल लावते, पाय चेपते, सूप भरवते, आणि ती सगळा वेळ बघते खिडकीकडे. संध्याकाळ झाली की मला म्हणते, बाजूला हो, उजेड अडतोय.’ तुम्हाला सांगते, फोन ठेवला आणि देवापुढे साखर ठेवली! म्हटलं, वाट बघतेय माझी! शेवटी धाकटी ती धाकटीच! त्या रात्री जेवण असं गोड लागलं...

आणि मग एके दिवशी बातमी आली. अठराच्या वरच्या सगळ्यांना! मी तर टीव्हीलाच नमस्कार केला. पण झालं काय, अठराच्या वरचे म्हणजे अठराचेही आलेच की! आतापर्यंत माझ्या पुढे सगळे मोठे होते, आता मागून सगळे लहान आले, आणि त्यांची बोटं? बोटं नव्हेत हो, शिवणयंत्राची सुई! संध्याकाळी फोनवर लसीच्या केंद्रांची यादी उघडणार, नंबर हिरवे दिसले की बोट दाबायचं. मी चष्मा लावते, चष्म्यावर वाफ येते, वाफ पुसते, तोवर लेक ओरडते, ‘गेले!’ कुठे गेले? कोणी नेले? आत्ता तर हिरवं होतं! नेले कोणा एकोणीस वर्षांच्या मुलाने, ज्याला अजून सर्दी म्हणजे काय ते माहीत नाही! वरच्यांच्या वेळी मी लहान, खालच्यांच्या वेळी मी म्हातारी... उशिरा जन्माला आले म्हणून एकदा अडले, आणि लवकर जन्माला आले म्हणून परत अडले, चुकलंच माझं!

आता माझ्याजवळ दुसरं काय होतं? नवस! चहातली साखर आधीच सोडली होती. भात सोडला. मग म्हटलं, ज्याची मला सगळ्यात जास्त ओढ आहे ते सोडावं. बोलणं! संध्याकाळी दिवा लावल्यापासून जेवायला बसेपर्यंत मौन, लसीचा नंबर लागेपर्यंत. हे म्हणाले, ‘नंबर लागल्यावरही सोडू नकोस, देवाला घाई आवडत नाही.’ मौनात होते मी, म्हणून वाचले हे!

आणि त्याच मौनात, ऐका हं, त्याच वेळात लेक आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर बसलेली, आणि ओरडली, ‘आई! मिळाला! तुझाच! ओटीपी आला असेल, सांग लवकर!’ फोन माझा स्वयंपाकघरात चार्जिंगला, हात माझे भांड्यांच्या साबणाचे. वाकून बघितलं. आकडा आलेला! सहा आकडी, लखलखीत! आणि तोंड उघडणार तोच आठवलं... मौन! अहो, ज्या देवाने नंबर लावला, त्याच्याच तोंडावर नवस मोडायचा? धावले तशीच. बोटांनी दाखवायला लागले. सात दाखवायचे, तर एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन. लेक म्हणते, ‘बावन्न?’ मान हलवते, नाही! ‘पंचवीस?’ नाही गं! साबणाचे फुगे उडतायत, हे दारात येऊन म्हणतात, ‘हिला काही होतंय का?’ पुढचा आकडा शून्य. शून्य कसं दाखवायचं? मी दोन्ही हातांचा गोल केला. लेक म्हणते, ‘पोळी? आई, भूक नाहीये मला!’ शेवटी फोनच आणायला परत धावले, ओल्या हातातून तो पडला, उलटा, पलंगाखाली... आणि आतून आवाज आला, ‘वेळ संपली.’ मग हळूच, ‘आई... एक जागा राहिली होती. मी माझं टाकलं. माझ्या फोनवर ओटीपी आला आणि... लागला.’

नऊ महिने पोटात वाढवलेली पोर!

रागवायचं तर मौन! जेवायला बसेपर्यंत राग तोंडात धरून ठेवला, आणि जेवायला बसले तर तोंडात राग मावेना आणि घासही जाईना. लेकीचे डोळे भरलेले. मग काय बोलणार? म्हटलं, ‘खा गं. तुझी होतेय, म्हणजे निम्मी माझीच होतेय.’ म्हटलं खरं. पण लस घेऊन आल्यावर तिला रात्री ताप आला ना, आणि मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले ना, तर खोटं कशाला सांगू, मला त्या तापाचाही हेवा वाटला. आणि दोन आठवड्यांनी ती गेली आजीकडे! आजीच्या मांडीवर डोकं ठेवून फोटो! आता खिडकीत दोघी, मागे ताई, पुढे माझी लेक, मधे माझी आई... आणि खाली कोण? शिंप्याच्या स्टुलावर मी! बहिणीने वरून, लेकीने खालून, मला मधल्यामधे पोकळ केलं!

पण पोर गुणी हो. रोज बसायची माझ्यासाठी. मीही मौन सोडून उपवास धरला, उपवासात ओटीपी सांगता येतो! आणि लागला एकदाचा नंबर. लांबच्या एका शाळेत केंद्र. मी अंघोळ करून, देवाला सांगून, चांगली साडी नेसून गेले. रांगेत सगळी पोरंपोरी, एकजण मला म्हणतो, ‘काकू, मोठ्यांची रांग पलीकडे.’ म्हटलं, ‘बाळा, मी तुझ्याच वयोगटातली!’ आत नर्स होती. म्हणाली, ‘हात सैल सोडा.’ मी डोळे मिटले, इतक्या दिवसांचं सगळं आठवलं, देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली, ते पुरं व्हायच्या आत ती म्हणते, ‘पुढचे!’ मी म्हटलं, ‘झालं?’ ‘झालं.’ ‘एवढंच?’ ‘मग काय आरती ओवाळू?’

आणि ताप? छे! साधी कणकणसुद्धा नाही. ताईला दोन दिवस ताप, लेकीला ताप, हे तर चार दिवस पलंगावरून उठले नाहीत. मी त्याच संध्याकाळी केर काढत होते. हे म्हणाले, ‘तुला नक्की लसच दिली ना?’

तर ते दोन आठवडे काढले, आणि गेले! सरळ वर! शिंप्याकडे बघितलंसुद्धा नाही. वहिनीने दार उघडलं, ‘या वन्सं, या, किती वाट बघायला लावली हो तुम्हाला!’ आई खिडकीपाशी खुर्चीत. मी तिचे हात हातात घेतले. कापूर ठेवलेल्या कपड्यांचा वास, तोच. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. ‘आलीस? बरं झालं. बस.’ आणि वळून परत खिडकीबाहेर बघायला लागली.

मी कानाशी जाऊन म्हटलं, ‘काय बघतेस गं?’

‘एक बाई येते रोज. तिथे, शिंप्याच्या पायरीशी. आज आली नाही अजून.’

‘कोण बाई?’

‘कोण कुठली, देव जाणे. तोंड बांधलेलं असतं. पण माया केवढी! हात हलवते, हात जोडते, एक दिवस चुकवत नाही. नाहीतर तू! फोनवर नुसतं, येते गं आई, येते गं आई!’

‘आई, ती मीच!’ ओरडले मी, चाळीत ऐकू जाईल एवढ्याने.

‘हे सगळे तेच सांगतात,’ आई म्हणाली. ‘तुला बोल लागू नये म्हणून. मला काय पोटच्या पोरी ओळखू येत नाहीत? ती बाई चांगली अंगाने भरलेली आहे. माझी धाकटी काडीसारखी!’ आणि हे म्हणताना माझ्या दंडावरून हात फिरवत होती. ह्या दंडावरून! बघा!

तुम्हाला सांगते, ताईचा हेवा करून झाला, लेकीचा झाला, तिच्या तापाचा झाला. जगात हेवा करायला एक मीच राहिले होते, माझाही नंबर लागला! काय करते? ‘आलेच’ म्हटलं, जिना उतरले, मास्क बांधला, पायरीशी जाऊन हात हलवला. आणि आई... आई खुर्चीतून उठली हो! गज धरून उभी राहिली, दोन्ही हात हलवले! माझ्यासाठी बसून होती, त्या बाईसाठी उभी राहिली!

तेव्हापासून रोजचा क्रम ठरलाय. आधी खाली उभी राहते, पोटभर हात हलवून घेते, मग धावत दोन मजले चढते, धापा टाकत तिच्यामागे बसते आणि तेलाची वाटी घेते. आणि आई, अगदी हळहळून, रोज मला सांगते, ‘आत्ताच गेली बघ ती. तू जरा आधी आली असतीस, तर तुमची गाठ पडली असती. पण तुझं मेलीचं सगळं उशिराच!’

मी म्हणते, ‘हो गं आई, चुकलंच माझं,’ आणि तिचा भांग पाडते.