पोत्याला लावलेला हात

कांद्याचं पोतं जमिनीवर आपटल्याचा एक आवाज मी तीस वर्षांपूर्वी ऐकला होता. तो नोकरीच्या कामाला येईल असं काही वाटलं नव्हतं, राव.

येडगावजवळच्या एका गोडाऊनला वॉचमन पाहिजे होता. बायको गेल्यापासून मला घरात करमत नव्हतं, म्हणून ती नोकरी हवीच होती. नातीनं माझी तयारी करून घेतली. म्हणाली, "आबा, साहेब विचारतील, कुठल्या अनुभवातनं तुमी घडला, काय शिकला. जे खरं असंल तेच सांगा."

मी चार दिवस आठवत बसलो.

मुलाखतीला गेल्यावर साहेबांनी विचारलं, "बाबा, चोराचा काही अनुभव?"

म्हटलं, "हाये की! एकदा भर दुपारी आमच्या कांदा साठवायच्या चाळीमागं धप्प वाजलं. जाऊन बघतो तर एक माणूस उभा, पुढ्यात पोतं पडलेलं. म्हणाला, 'भाऊ, जरा हात लावा.' आता ओझ्याला हात लावायला कोण नाय म्हणतं? दिलं उचलून त्याच्या डोक्यावर. आधी पाणीबी पाजलं."

"मग?"

"सांजच्याला चाळीत गेलो तवा कळलं, पोतं आमचंच व्हतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आणि यातून तुम्ही काय शिकलात?"

नातीनं सांगितलंच होतं, हे विचारणार म्हणून. मी सावकाश म्हणालो, "पोतं गच्च भरू नये, साहेब. त्या बिचाऱ्याची मान लई वाकली व्हती."

साहेब उठले आणि बाहेर निघून गेले.